कोणी कोणाला लिहिलं, हे उघडंच राहतं

‘थंडरबर्डमध्ये एन्क्रिप्शन चालू केलं की मेलमधलं काहीच कुणाला दिसत नाही’ हे, थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्राममधल्या एन्क्रिप्शनवरच्या (मेल कुलूपबंद करण्यावरच्या) तुमच्या लेखातलं वाक्य कृपया दुरुस्त करा. ओपनपीजीपी ही थंडरबर्डमधली एन्क्रिप्शनची पद्धत झाकते ते मजकूर आणि जोडलेल्या फायली. पाठवणारा, घेणारा, तारीख, वेळ हे सर्व्हरला दिसतंच. पत्ता वाचल्याशिवाय सर्व्हर मेल पोचवणार कसा? विषयाची ओळ थंडरबर्ड आता झाकतं, पण उत्तर देणाऱ्याचं सॉफ्टवेअर ती झाकेलच असं नाही. मजकुरापेक्षा ‘आपण कुणाच्या संपर्कात आहोत’ हेच लपवायचं असतं अशी माणसं असतात, पत्रकाराला माहिती देणारा कर्मचारी वगैरे. तुमच्या वाक्यावर विसंबून तो उघडा पडेल.

आणि खासगी किल्लीच्या (आपल्याला आलेले एन्क्रिप्टेड मेल जिच्यामुळे उघडतात तिच्या) बॅकअपबद्दल लेखात अवाक्षर नाही! 2020 मध्ये 78व्या आवृत्तीपासून एन्क्रिप्शन अंगभूत झालं, त्यासाठी एनिगमेल हे जोड-सॉफ्टवेअर वेगळं टाकायची कटकट संपली, हे उत्तमच. पण किल्ली तुमच्याच संगणकावर, थंडरबर्ड आपली माहिती ठेवतं त्या प्रोफाइल फोल्डरमध्ये राहते. माझ्या एका सहकाऱ्याचा लॅपटॉप बंद पडला, किल्लीची प्रत कुठेच नव्हती, आणि सर्व्हरवर सुखरूप असलेले त्याचे सगळे एन्क्रिप्टेड मेल कायमचे वाचता येईनासे झाले. इथे ‘पासवर्ड विसरलात?’ असं बटण नसतं. शिवाय प्रायमरी पासवर्ड (थंडरबर्डमध्ये साठवलेल्या गुपितांवरचा मुख्य पासवर्ड) लावलेला नसेल, तर प्रोफाइलचा फोल्डर ज्याच्या हाती लागेल त्याला किल्लीही मिळते. नवख्या वाचकाला सेटिंगच्या चित्रांआधी हे सांगायला हवं होतं.