फिदेलची शाळा
क्युबाचा क्रांतिकारक नेता फिदेल कास्त्रो याच्या शालेय दिवसांवरच्या एका लेखात 'जेझुइटांनी फिदेल कास्त्रो घडवला' असं सरसकट लिहिलंय (जेझुइट म्हणजे शाळा चालवणारा कॅथलिक धर्मगुरूंचा संघ), ते मला तरी जरा जास्तच वाटलं. राजधानी हवानाच्या बेलेन या जेझुइट शाळेत येण्याआधी तो क्युबातल्याच सान्तियागो शहरातल्या दोलोरेस या जेझुइट शाळेत होता. १९४० मध्ये सान्तियागोहूनच त्याने थेट अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्टना पत्र धाडलं: दहा डॉलरची हिरवी नोट पाठवा, मी अजून पाहिलेली नाही. वय चौदा, पत्रात लिहिलं बारा! हा आगाऊपणा कुठल्या फादरने शिकवला म्हणायचा?

बाकी शिस्त, खेळ, डोंगर पालथे घालणं हे शाळेचं देणं, ते त्याने स्वतःही पुढे मान्य केलं. १९४५ साली तो बेलेनमधून बाहेर पडला.

पण खरी गंमत लेखात सुटलीच. १९६१ मध्ये त्याच्याच सरकारने खासगी शाळा ताब्यात घेतल्या, त्यात बेलेनही गेली. इमारतीत लष्कराची तंत्रशिक्षण संस्था आली. फादर मंडळींनी त्याच वर्षी मायामीत त्याच नावाने शाळा पुन्हा उभी केली, आणि तिथे बाकावर बसली ती कोणाची मुलं? फिदेलमुळे देश सोडून आलेल्यांची.