सॅनेटोरियम पाडा, पण त्या कागदांचं काय?

सकाळी फॅमिली ग्रुपवर भाच्याने एक रील टाकलं. गावाबाहेरचं आपलं टीबी सॅनेटोरियम, मागे किंकाळ्या, वर लिहिलंय 'भुताचं हॉस्पिटल, पाडायच्या आत बघून घ्या'. डोकंच फिरलं माझं.

दुपारी स्वतः जाऊन आले. रुंद व्हरांडे, उंच छत, समोरासमोर खिडक्या. औषध निघायच्या आधी मोकळी हवा, आराम आणि दूध-अंडी हाच या रोगावर मुख्य उपाय होता, म्हणून बांधणी अशी. फरशीवर खाटांच्या पायांचे गंजके डाग अजून ओळीने दिसतात.

माझी आत्या तिथे होती, साठच्या दशकात. नवी नवरी. सासरचं कुणी फिरकलं नाही. आजोबा एसटीने डबा घेऊन जायचे आणि व्हरांड्याच्या पायरीवर बसून तिच्याशी बोलायचे. स्ट्रेप्टोमायसिनच्या इंजेक्शनांनी ती वाचली, पण त्यांच्याच दुष्परिणामाने डावा कान गेला. शेवटपर्यंत आम्ही तिच्या उजव्या हाताला बसायचो.

आणि ही पोरं तिथे भुतं शोधतायत! अरे, ही इमारत ओस पडली ती औषधांमुळे. घरी राहून गोळ्या घेतल्या तरी पेशंट तितकाच बरा होतो आणि घरच्यांचा धोका वाढत नाही, हे मद्रासला टीबीच्या पेशंटांवर झालेल्या अभ्यासाने 1959-60 च्या सुमारास दाखवून दिलं. मग हळूहळू खाटा रिकाम्या झाल्या. याचा अभिमान वाटायला हवा आपल्याला.

इमारत धोकादायक झालीय, मान्य. स्लॅबच्या सळ्या बाहेर आल्यात. पाडा.

पण मागच्या खोलीत केस पेपरांचे गठ्ठे पडलेत, ओले, वाळवी लागलेले. नाव, गाव, वय, वजन. आठवड्याला वजन लिहायचे. एका बाईचं वजन पानापानाला वाढत गेलेलं वाचलं आणि तिथेच बसले. आत्याचाही असा कागद असेल. तिने हा आजार उभ्या जन्मात घराबाहेर कुणाला सांगितला नाही, आणि आज कुणीही मोबाईल घेऊन आत शिरतो आणि नावांसकट शूटिंग करतो.

त्या पोरांवर मघाशी चिडले होते, आता तितका राग नाही. त्यांना कुणी सांगितलंच नाही. राग आहे तो टेंडर काढणाऱ्यांवर. भंगार किती निघेल याचा हिशेब झाला, कागदांचा विचार कुणी केला नाही. जेसीबी लागायच्या आत ते बाहेर काढा, कुलपात ठेवा, जिल्ह्याच्या अभिलेखागारात द्या. सोमवारी नगरपरिषदेत अर्ज देतेय. ज्यांच्या घरातलं कुणी तिथे होतं, त्यांनी सहीला या.