सावंतसाहेब, मोटर नंतर, आधी रॅक ओढून बघू

सावंतसाहेब, एवढ्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल मनापासून आभार. गॅरेजच्या धंद्यात तुमची हयात गेली आहे, त्यामुळे दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं मला बरोबर वाटलं नाही. मूळ लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्टँडर्ड हेराल्ड या जुन्या गाडीचे वायपर रखडत चालत असतील तर मोटर फेकून देऊ नका, ती उतरवून साफ करा, पुन्हा बसवा आणि त्याहीआधी रॅक, म्हणजे मोटर आणि ब्लेड यांच्यामधली केबल, तपासा, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं की साठ वर्षांपूर्वीच्या बनावटीच्या मोटरवर मुंबईच्या पावसात भरवसा ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. कुर्ल्याहून मारुतीची मोटर आणावी, पट्टी वेल्ड करून बसवावी आणि विषय संपवावा. शिवाय माझ्यासारखे लोक हौशी मंडळींना नको त्या धाडसाला लावतात, असंही तुम्ही लिहिलं आहे.

जिवाचा मुद्दा आधी घेतो. भर पावसात ईस्टर्न फ्रीवेवर वायपर थांबला की पुढचं काहीही दिसत नाही, आणि तिथे गाडी बाजूला घ्यायलाही धड जागा नसते. याबाबत तुमच्या-माझ्यात तसूभरही मतभेद नाही. ज्याला आपल्या वायपरची खात्री नाही त्यानं पावसात गाडी काढूच नये. मतभेद आहे तो खात्री कशानं येते यावर. तुमच्या मते ती नव्या मोटरनं येते. माझ्या मते मोटरला किती ओझं ओढावं लागतंय हे मोजल्याशिवाय ती येत नाही.

हेराल्डवर, आणि ल्युकस या ब्रिटिश कंपनीची हीच पद्धत असलेल्या मॉरिस मायनरसारख्या गाड्यांवर, मोटर ब्लेडना थेट फिरवत नाही. मोटरचा वर्म, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेला दांडा, एक गिअर फिरवतो, गिअरवरच्या पिनमुळे एक छोटा रॉड पुढेमागे होतो आणि त्याला जोडलेला रॅक, म्हणजे बाहेरून तार गुंडाळलेली लवचिक केबल, लोखंडी नळीतून सरकत राहतो. काचेखालच्या दोन व्हीलबॉक्समधले गिअर त्या तारेच्या आट्यांत बसलेले असतात, त्यामुळे त्यांचे दांडे, म्हणजे स्पिंडल, आणि ब्लेड डावीउजवीकडे फिरतात. या सगळ्या प्रवासात ग्रीस लागतं, आणि घोटाळा नेमका तिथेच होतो. आपल्याकडे ऑक्टोबरात पाऊस गेला की वायपरला कुणी हात लावत नाही. नळीतलं ग्रीस एप्रिल-मेचा उकाडा सोसतं, समुद्राची खारी हवा खातं आणि जूनच्या पहिल्या सरीला आपण एकदम स्विच दाबतो. मी नळीतून बाहेर काढलेल्या कितीतरी रॅकवरचं ग्रीस तपकिरी होऊन वाळलेल्या डिंकासारखं आट्यांत बसलेलं होतं, नखानं खरवडावं लागलं. अशा नळीतून रॅक ओढताना नवीकोरी मोटरही तापणारच.

म्हणून मी लेखात काट्याच्या चाचणीवर भर दिला होता. ती तुम्हाला पोरखेळ वाटली, पण ती माझ्या डोक्यातून आलेली नाही. ती ल्युकसच्या जुन्या वर्कशॉप पुस्तिकांमधली आहे. आर्म आणि ब्लेड काढायचे, रॅक मोटरपासून सोडवायचा, त्याच्या टोकाला साधा स्प्रिंगचा काटा अडकवायचा आणि सावकाश ओढायचं. ६ पौंडांच्या, म्हणजे साधारण २.७ किलोच्या आत रॅक सरकला पाहिजे. दादरच्या एका हेराल्डवर मी हा काटा लावला तेव्हा तो सात किलोच्या पुढे गेला तरी रॅक जागचा हलला नव्हता. त्या गाडीला आधी एका गॅरेजात जास्त ताकदीची मोटर बसवून दिली होती. मोटर जिंकली, पण ड्रायव्हरच्या बाजूच्या व्हीलबॉक्सचे दात सोलवटून निघाले आणि वायपर भर रस्त्यात थांबला. तुम्हाला ज्याची भीती वाटते तेच झालं, आणि ते मोटर बदलल्यानंतर झालं.

व्हीलबॉक्सचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट लेखात राहिली होती ती इथे लिहितो. त्यातला गिअर पूर्ण गोल असतो, पण ब्लेड ठराविक कोनातच फिरत असल्यामुळे दात एकाच बाजूचे झिजतात. गिअर अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवला की न झिजलेले दात रॅकला लागतात. ब्लेड काचेच्या कडेला आपटत असेल, टोकाशी लुडबुडत असेल, तर आधी हे करून बघा. खर्च शून्य. स्पिंडलभोवतीच्या रबराला मात्र ग्रीस लावू नका, रबर फुगतं. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या ग्लिसरीनचे दोन-चार थेंब पुरतात.

आता मोटर. रॅक सोडवलेला असतानाच ती मोकळी चालवायची आणि करंट बघायचा. माझ्या गाडीवर आहे तशी ल्युकसची डीआर३ए मोटर असेल तर मिनिटभर चालल्यावर २.७ ते ३.४ अँपिअर आणि तिच्या गिअरचे मिनिटाला ४४ ते ४८ फेरे हे तिचं ठीक असल्याचं लक्षण. एवढं आलं की मोटर निर्दोष, तिला उघडायचंही कारण नाही. करंट जास्त आणि चाल मंद असेल तर आर्मेचरचं, म्हणजे मोटरच्या आत फिरणाऱ्या भागाचं, एंड फ्लोट, म्हणजे पुढेमागे हलायला असलेली जागा, बघायचं. गिअरबॉक्सच्या बाजूला लॉकनट असलेला स्क्रू आहे तो हलकेच अडेपर्यंत आत घ्यायचा, पाव फेरा मागे आणायचा आणि नट आवळायचा. बरेच जण तो कचकचून आवळून ठेवतात आणि मोटर खराब झाली म्हणून आर्मेचर रिवाइंडिंगला देतात.

करंटही कमी आणि चालही मंद असेल तर मोटरच्या आत कार्बन आणि ते ज्यावर घासतात तो कम्युटेटर बघावे लागतात, पण बाहेर आधी अर्थ, म्हणजे करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत जाण्याचा मार्ग, बघा. या मोटरला इग्निशन चालू केल्यापासून करंट मिळत असतो, डॅशबोर्डवरचा स्विच अर्थची बाजू जोडतो आणि तोडतो. स्विच बंद केल्यावर ब्लेड खाली येऊन थांबेपर्यंत गिअरबॉक्सवरचा पार्किंग स्विच तोच अर्थ पुढे चालू ठेवतो. त्यामुळे अर्थ कच्चा असेल तर मोटर रडतखडत चालते आणि ब्लेड काचेच्या मधोमध थांबतात. डेंटिंग-पेंटिंग करून आलेल्या गाड्यांत हा दोष हमखास सापडतो, कारण अर्थच्या टर्मिनलखाली रंग बसलेला असतो. मोटर चालू असताना तिचं अर्थ टर्मिनल आणि बॅटरीचं अर्थचं टोक यांच्यात मल्टिमीटर धरा. अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर रंग खरवडा आणि मग पुढचं बोला.

हौशी लोकांनी हे घरी करावं का? काटा आणि मीटर लावायला कुणाचीच हरकत नसावी. मोटर उघडणाऱ्यानं बॅटरीची वायर काढूनच हात घालावा, बोटातली अंगठी उतरवून ठेवावी. १२ व्होल्टचा शॉक लागत नाही, पण शॉर्ट झालेल्या अंगठीनं बोट भाजतं. कॉइल पेट्रोलमध्ये किंवा थिनरमध्ये बुडवू नये, वार्निश जातं. गिअर आणि रॅक धुवायला हरकत नाही, पण ते गच्चीवर, स्वयंपाकघरात नाही. आर्मेचरचा दांडा ज्यात फिरतो तो ब्राँझचा बुश बदलायचा असेल तर नागदेवी स्ट्रीटला मापाचा मिळू शकतो, मात्र तो बसवण्याआधी पातळ इंजिन ऑइलमध्ये चोवीस तास भिजत ठेवला पाहिजे. कोरडा ठोकलेला बुश पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकत नाही. आणि ज्याला यातलं काहीच जमणार नाही त्यानं चांगल्या वायरमनकडे जावं, पण जाताना काट्याचा आणि मीटरचा आकडा लिहून न्यावा.

तुमच्या मारुतीच्या मोटरला माझा विरोध आहे त्याचं कारण जुन्याचं प्रेम हे नाही. ती सळ्यांच्या लिंकेजसाठी बनलेली आहे, रॅकसाठी नाही. ती बसवायची तर काचेखालचा पत्रा कापावा लागतो, आणि तिथे एकदा कापून वेल्ड केलं की गंज तिथूनच सुरू होतो. मुंबईत तर लवकरच. दुसरं असं की या जुन्या गाड्यांपैकी काही पॉझिटिव्ह अर्थच्या, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक पत्र्याला जोडलेल्या, आहेत. डीआर३ए ला त्याचं सोयरसुतक नाही, कारण तिच्यात कायमच्या चुंबकाऐवजी फील्ड कॉइल, म्हणजे करंटनं चुंबक होणारी तारेची गुंडाळी, आहे आणि तारा उलट्या लावल्या तरी ती त्याच दिशेनं फिरते. मारुतीच्या मोटरसारख्या चुंबकाच्या मोटरला तारा उलट्या लागल्या की ती उलटी फिरते.

एका बाबतीत तुमचं म्हणणं पूर्ण मान्य आहे. मिनिटाला ४५ फेरे आजच्या हमरस्त्याच्या वेगाला कमी पडतात, सगळं ठाकठीक असलं तरी. ज्यांना पावसाळ्यात गाडी नियमित चालवायची आहे, किंवा ज्यांची फील्ड कॉइल खरोखरच जळली आहे, त्यांनी ल्युकसचीच नंतरची १४डब्ल्यू मोटर बघावी. ती दोन वेगांतही येते आणि रॅकवरच चालते. घेताना तिच्या गिअरवर ठोकलेला अंशांचा आकडा आपल्या ब्लेडच्या फिरण्याशी जुळतो का ते तपासा, नाहीतर ब्लेड काचेच्या चौकटीवर चढतात. ती चुंबकाची आहे, म्हणून गाडीचा अर्थ कुठला ते आधी बघून घ्या, आणि तिचं वायरिंग वेगळं असल्यानं जुना स्विच जसाच्या तसा चालणार नाही. नळी, रॅक आणि व्हीलबॉक्स साफ केल्याशिवाय मात्र तीही लावू नका. तुमच्याकडे अजून तुमची फियाट असेल तर तिच्यात रॅक नाही, पण आर्म काढून हातानं लिंकेज फिरवून बघा. कुठे अडतंय ते हाताला लगेच कळेल, आणि काय सापडलं ते इथे जरूर लिहा.