खुलासा : गौताळा राष्ट्रीय उद्यान नाही, आणि बारमाही थंडही नाही

‘मराठवाड्यातलं गौताळा राष्ट्रीय उद्यान, बाराही महिने गार हवा’ असा मजकूर सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. दोन्ही गोष्टी चूक आहेत.

कन्नडजवळचं गौताळा औट्रमघाट हे 1986 साली जाहीर झालेलं अभयारण्य. राज्यातली सहा राष्ट्रीय उद्यानं म्हणजे ताडोबा, पेंच, नवेगाव, गुगामल, चांदोली आणि संजय गांधी. मराठवाड्यात एकही नाही.

हवेचं म्हणाल, तर हे पानगळीचं जंगल. फेब्रुवारीपासून झाडं उघडी पडतात, एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी गाठतो आणि बहुतेक ओढे आटतात. फोटोंतली हिरवाई पावसाळ्यातली! ऑगस्ट ते जानेवारी या काळात जा. पावसाळ्यात इथल्या पितळखोरा लेण्यांच्या पायऱ्या निसरड्या होतात, चपला नकोत. उन्हाळ्यात जायचंच असेल तर सकाळी दहापर्यंत परता. माणशी तीन लिटर पाणी सोबत हवंच.

खरंच सौम्य हवा हवी असेल तर केरळातलं एराविकुलम राष्ट्रीय उद्यान बघा. बराचसा भाग सुमारे 2000 मीटर उंचीवर, म्हणून उन्हाळाही सुसह्य. पण तिथंही जून ते ऑगस्ट धो-धो पाऊस असतो, आणि नीलगिरी ताहर या डोंगरी रानबकऱ्यांच्या विणीसाठी साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये पर्यटन बंद ठेवतात. तारखा दरवर्षी बदलतात. आरक्षणाआधी विचारून घ्या.