बाथरूमचा नळ सारखा सैल का व्हायचा

गेल्या दिवाळीनंतर घराचं काम काढलं. बिल्डिंग 1984 ची, कोथरूडमधली, लिफ्ट नाही. घरात सासरे, म्हणजे आमचे अण्णा, सासूबाई, आम्ही दोघं आणि कॉलेजातली मुलगी. पहिला कॉन्ट्रॅक्टर मोबाइलवरचे फोटो दाखवतच आत आला. हॉल आणि स्वयंपाकघरामधली भिंत पाडू, ओपन किचन करू, घर कसं मोकळं वाटेल! भिंतीवर टकटक करून म्हणाला, "दोन दिवसांत साफ करतो."

ती भिंत नऊ इंची. त्या काळातल्या बऱ्याच छोट्या इमारती कॉलम-बीमवर नाहीत, विटांच्या भिंतींवरच उभ्या आहेत. आमचीही तशीच निघाली. वरच्या घराचा स्लॅब त्याच भिंतीवर टेकलेला. हे सांगितलं स्ट्रक्चरल इंजिनिअरनं, आणि त्यांना मी हट्टानं बोलावलं म्हणून. वरचं कुटुंब रात्री ज्या भिंतीच्या भरवशावर झोपतं ती भिंत फोटो बघून पाडायला निघायचं, याचा मला अजून राग येतो.

आणि खरं सांगू, पाडता आली असती तरी मी पाडू दिली नसती. आमच्याकडे रोज फोडणी होते. मिरचीचा ठसका, कुकरच्या शिट्ट्या, मिक्सर, आणि त्याच वेळी हॉलमध्ये नवऱ्याची मीटिंग चालू. हल्ली घरातूनच काम चालतं, तर स्वयंपाकघराला दार पूर्वीपेक्षा जास्त हवं. दार असलेलं स्वयंपाकघर जुनाट, हे कुणी ठरवलं?

मग मी आठ दिवस फक्त घरातल्या माणसांकडे बघत राहिले.

आमच्या बाथरूमचा नळ दर दोन-तीन महिन्यांनी सैल व्हायचा. प्लंबर यायचा, टेफ्लॉनची पट्टी गुंडाळून घट्ट करून जायचा. नळच बेकार आहे म्हणून आम्ही एकदा बदललाही. त्या आठवड्यात एका संध्याकाळी अण्णा फिरून आले आणि दार उघडं ठेवूनच स्टुलावर बसून पाय धुवायला लागले. उठताना डावा हात ओल्या टाइलवरून सरकत गेला. उजव्या हातानं त्यांनी नळ धरला, सगळा भार त्याच्यावर टाकला आणि उठले. कितीतरी दिवस हे असंच चाललं असणार. एका शब्दानं बोलले नाहीत.

मी तिथेच ठरवलं, पैसे आधी इथे घालायचे. स्टीलचा दांडा बसवला, टाइलमध्ये नाही, आत विटेत बोल्ट घेऊन. फरशी खरखरीत घेतली. दारातली दीड इंचाची पट्टी काढून उतार दिला. दार दोन फुटांचं होतं, वॉकर आत गेला नसता. दाराची भिंत अर्ध्या विटेची, म्हणजे पातळ, इंजिनिअरना विचारून दार अडीच फूट केलं. आणि दार बाहेर उघडणारं केलं. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्या माणसाच्या अंगालाच अडतं, हे आधी डोक्यातच आलं नव्हतं. कमोडची जागा हलवली नाही. ड्रेनेजच्या पाइपापासून लांब नेलं की उतार मिळत नाही, तुंबतं.

सासूबाई चार फूट दहा इंच. ओटा 34 इंचांचा, कडाप्प्याचा. आयुष्यभर खांदे उचलून पोळ्या लाटल्या. ओट्याचा एक तुकडा 30 इंचांवर उतरवला. पहिल्या दिवशी त्यांनी पोळपाटावर हात टेकवून नुसतं "बरं झालं गं" म्हटलं.

फॉल्स सीलिंग करायचं राहिलं, टीव्हीमागचं पॅनेल करायचं राहिलं. त्याचं कुणालाच काही वाटत नाही.

परवा अण्णांनी खालच्या काकांना वर बोलावून दांडा दाखवला. काकांनीही दोनदा धरून बघितला. दोघं बाथरूमच्या दारात बराच वेळ हळू आवाजात बोलत उभे होते. दुसऱ्या दिवशी सकाळीच काकू मोजायची टेप घेऊन आमच्याकडे आल्या.