तांदळाच्या ताटातले नाव

१ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे शासकीय कागदपत्रांत आधी आईचे, मग वडिलांचे नाव लिहावे, असा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतल्यापासून आमच्या घरच्यांशी फोनवर वाद चालू आहे. नाव ही परंपरेची बाब असून सरकारने त्यात हात घालू नये, असे काकांचे म्हणणे आहे. सरकारी सक्तीची त्यांची भीती मला दक्षिण कोरियाच्या राजधानीत, सोलमध्ये राहून अधिकच समजते, परंपरेचा दावा मात्र तपासावासा वाटतो.

कोरियात लग्नानंतर स्त्रीचे आडनाव बदलत नाही, आणि आडनावासोबत कुळाचे मूळ गावही मोजले जाते. गिम्हे गावचे किम आडनावाचे लोक वेगळे, ग्योंगजूचे वेगळे. कोरिया जपानच्या ताब्यात असताना जपानी राजवटीने ११ फेब्रुवारी १९४० पासून सहा महिन्यांत प्रत्येक घराने जपानी धर्तीचे घराणे-नाव नोंदवावे असे फर्मावले, आणि शाळा, नोकरी यांत अडवणूक होईल या धास्तीने सुमारे ८० टक्के घरांनी ते नोंदवले. ज्यांनी नोंदवले नाही, त्यांच्या कुटुंबप्रमुखाचे आडनाव आपोआप साऱ्या घराचे ठरले; म्हणजे जन्मभर पाक आडनावाची असलेली सून, कोणी न विचारता, कागदावर किम झाली. आमच्या शेजारच्या, नव्वदी ओलांडलेल्या आजी शाळेच्या हजेरीत जपानी नावाला उत्तर देत आणि घरी आल्यावर आईच्या तोंडून आपले नाव ऐकत.

जपानी राजवट गेल्यावर १९४६ मध्ये कोरियाच्या दक्षिण भागात नावे परत मिळाली, पण जपानी कायद्याने घट्ट केलेली कुटुंबप्रमुखाची नोंदपद्धत तशीच राहिली. नवरा वारला की घराचे प्रमुखपद विधवेला डावलून मुलाकडे जाई, मग तो तान्हा का असेना. स्त्रियांच्या संघटनांनी ती रद्द करण्याची मागणी लावून धरली, तेव्हा ही आमची प्राचीन परंपरा आहे, असे कन्फ्यूशियस या प्राचीन चिनी विचारवंताला मानणाऱ्या मंडळींनी सांगितले. घटना न्यायालयाने २००५ मध्ये ती घटनेशी विसंगत ठरवली आणि १ जानेवारी २००८ पासून ती संपली. पित्याच्या कुळाचा मान कोरियात जुनाच होता, हे खरे. पण ज्या नोंदवहीसाठी ही मंडळी भांडली, तिची आखणी परक्या सत्तेने केली होती.

म्हणून मुलाच्या नावात आईचे नाव आले, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र त्याच निर्णयाने विवाहितेच्या नावापुढे पतीचे नाव व आडनाव लावण्याची प्रचलित पद्धत कायम ठेवली आहे. माझ्या आईचे जन्मनाव लग्नात बदलले गेले. तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहिले, ते आजही तिच्या सगळ्या कागदांवर आहे. अशा बाईच्या लेकराच्या नावापुढे आईचे कोणते नाव लिहायचे, हे मी काकांना विचारले आहे आणि ते अजून उत्तर शोधत आहेत.