‘पी-मूल्य ०.०५ पेक्षा जास्त, म्हणजे चल वगळा’ या सल्ल्याबाबत खुलासा

ज्या चलाचे (मोजलेल्या घटकाचे) पी-मूल्य ०.०५ पेक्षा जास्त येते तो रिग्रेशन मॉडेलमधून, म्हणजे अनेक घटकांचा एखाद्या परिणामाशी असलेला संबंध मोजणाऱ्या गणिती सूत्रातून, काढून टाकावा, असा सल्ला विद्यार्थ्यांमध्ये नियम म्हणून फिरतो आहे. पी-मूल्य म्हणजे प्रत्यक्षात संबंध नसतानाही केवळ योगायोगाने इतका किंवा याहून ठळक संबंध दिसण्याची शक्यता. असा नियम नाही, आणि कारण शोधणाऱ्या अभ्यासात तर तो घातक ठरतो.

पी-मूल्य मोठे आले म्हणजे त्या चलाचा परिणाम शून्य आहे असे होत नाही. नमुना लहान असेल किंवा दोन चल एकमेकांशी घट्ट निगडित असतील, तरीही ते मोठे येते. समजा, कॉफीमुळे हृदयविकार बळावतो का, हे तपासायचे आहे. कॉफी जास्त पिणाऱ्यांत धूम्रपान करणारे अधिक असतील आणि धूम्रपानाचे पी-मूल्य ०.०९ आले म्हणून ते वगळले, तर धूम्रपानाचा दोष कॉफीच्या माथी बसतो. उलट, एखाद्या औषधाचा पक्षाघातावरील एकूण परिणाम मोजताना औषधाने उतरलेला रक्तदाब मॉडेलमध्ये घातला, तर त्याचे पी-मूल्य कितीही लहान असो, औषध ज्या वाटेने काम करते तीच वाट आपण बंद करतो.

पी-मूल्ये पाहून टप्प्याटप्प्याने चल निवडण्याचे काम संगणकावर सोपवणे हाही उपाय नव्हे. परिणामाशी काहीही संबंध नसलेले २० स्वतंत्र चल ५ टक्के पातळीवर तपासले, तरी निदान एक ‘लक्षणीय’ (पी-मूल्य ०.०५ पेक्षा कमी) ठरण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते.

केवळ भाकीत करायचे असेल, तर मॉडेलने न पाहिलेल्या माहितीवर चल जोखावेत. कारण शोधताना मात्र चलांची यादी विषयाच्या ज्ञानावरून, आकडे हाताळण्यापूर्वीच ठरवावी आणि अहवालात नोंदवावी.